आखाजीच्या संध्याकाळचा रातवा

तुम्ही सगळे इथे पांढऱ्या साड्या आणि उलटे पाय लिहिता, ते मी चहा पिता पिता अगदी आवडीने वाचते... आणि त्यातलं एक अक्षरही खरं मानत नाही. रागावू नका. निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलं, खोड जात नाही. भूत दिसलं असं कोणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न — चष्मा होता का डोळ्यावर?

तरी एक प्रसंग आहे. भीतीचा म्हणावा तर नाही, उलट आठवला की बरंच वाटतं. पण त्याचा उलगडा काही झाला नाही, म्हणून इथे लिहिते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही सिल्वासाला, टोकरखाड्यात एका चाळीत राहायचो. आमचे हे राखोलीला धाग्याच्या कारखान्यात फिटर, मी मराठी शाळेत, आणि मुलगी मनू जेमतेम साडेतीन वर्षांची. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, चाळीतली निम्मी बिऱ्हाडंही खानदेशातलीच. चाळीमागे मोकळी जमीन होती. तिच्या एका टोकाला बांबूचं बेट आणि सागाची झाडं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी इमारतीच्या पायासाठी खणून सोडून दिलेला खड्डा. त्यात पाझराचं पाणी साठलेलं, चांगलं पुरुषभर. दोन्हींच्या मधून पायवाट जायची.

त्या पायवाटेवर दिवेलागणीला एक पक्षी येऊन बसायचा. दिवसभर तापलेल्या धुळीत पोट टेकून अगदी गप्प. रंग असा की पाय पडेपर्यंत वाळकं पानच वाटावं. मग एकदम पायातून उडायचा, पंखांचा जरासुद्धा आवाज न करता, आणि चार हातांवर परत बसायचा. हवेतल्या हवेत किडे पकडायचा. अंधार दाटला की त्याचं सुरू व्हायचं — चक, चक, चक, चकर्रर्र... सायकलच्या दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसायचे. शिफ्टवरून येणारे आमचे एक शेजारी ते डोळे बघून सायकल तिथेच टाकून घरी पळत आले होते! चांगले मिशीवाले गृहस्थ. मी त्यांना महिनाभर चिडवलं.

तर त्या वर्षीची आखाजी. म्हणजे अक्षय तृतीया, पण आम्हा खानदेशी बायकांना ती आखाजीच. माहेरी जायचा सण, झोक्याचा सण. कारखान्याला त्या दिवशी सुट्टी नसायची, त्यामुळे माहेरी जाणं कुणालाच जमलेलं नव्हतं. मग आम्हीच चाळीजवळच्या चिंचेला दोर बांधला, गौराईची गाणी म्हटली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस केला. माहेरच इथे आणलं म्हणा ना.

आणि माहेरची एक सवयही आणली, तीच नडली. गावाकडे आखाजीच्या दिवशी पोरं कुणा एकीची नसतात. झोक्यावर बसणारीने आपलं लेकरू शेजारणीच्या मांडीवर द्यायचं, तिची पाळी आली की तिने पुढचीकडे. गावात ते चालतं, कारण पोर गेलं तरी जाऊन जाऊन आत्याच्या नाहीतर काकूच्या ओट्यावर जाईल. इथे चाळीमागे खड्डा होता, आणि तो आमच्यातल्या एकीलाही आठवला नाही.

मी मनूला शेजारच्या, मूळ पारोळ्याच्या इंदूबाईंकडे दिलं आणि झोक्यावर बसले. काय सांगू, किती वर्षांनी बसले होते! खाली उतरले तेव्हा सूर्य बुडाला होता. इंदूबाई रसाचं पातेलं घेऊन येत होत्या. कडेवर कोणी नाही.

"मनू कुठाय?"

"माय वं! माले वाटनं तुनाजोडे शे!"

त्यांनी तिला दुसरीकडे दिलं होतं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरी म्हणत होती की मनू तर केव्हाच "आईकडे जाते" म्हणून उतरून गेली. दोन मिनिटांत चाळीतलं प्रत्येक दार उघडून झालं. मग सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं.

मी पायवाटेने खड्ड्याकडे धावले. आणि अगदी पायाखालून तो पक्षी उडाला... उडाला म्हणजे काय, धडपडला. एक पंख लोंबत होता. फडफडत, धुळीत फरफटत तो बांबूच्या बाजूला जायला लागला. थोडं पुढे जायचा, थांबायचा, पुन्हा फडफड.

मी खड्डा सोडून त्याच्यामागे का वळले? खरं सांगते, पाण्यात डोकावायची हिंमत होत नव्हती. पण तेवढंच कारण होतं असंही छातीठोक सांगता येत नाही. पाय वळले.

बांबूच्या बेटाशी पोचल्यावर तो पक्षी एकदम धडधाकट उठला, एक गिरकी घेतली आणि खाली उतरला. तिथे मनू उकिडवी बसली होती, हनुवटी गुडघ्यांवर टेकून. तिच्यासमोर वाळक्या पानांत, उघड्या जमिनीवर, दोन अंडी. पक्षी माझ्यादेखत त्या अंड्यांवर जाऊन बसला. मनूपासून वीतभर अंतरावर, आणि मी समोर उभी असताना!

मी तिला उचललं आणि तिथेच बसून ढसाढसा रडले. इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही.

पुढे आमच्या शाळेतल्या पाटकर सरांना हे सांगितलं. सर कोकणातले, पाखरांचा नाद असलेले. म्हणाले, "बाई, तो रातवा. घरटं बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालतो. पंख मोडल्याचं ते नाटक असतं. अंड्यांजवळ कोणी आलं की मादी असं करून त्याला लांब नेते."

"लांब ना? मग मला अंड्यांकडेच कशी घेऊन आली?"

"तसं होत नाही."

"झालं ना, सर."

"ती अंडी दुसऱ्या जोडीची असतील."

"मग त्यांच्यावर बसली कोण?"



इंदूबाईंना असल्या शंका नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्या बांबूपाशी पुरणपोळीचा तुकडा ठेवून आल्या. मी म्हटलं, अहो, तो पक्षी किडे खातो, पोळी नाही. तर म्हणाल्या, "पोई किडा खातीन, किडा पाखरू खाई. तुनं काय जास?" अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत चाळीतलं एकही पोर आम्ही तिकडे फिरकू दिलं नाही, आणि तो खड्डा आमच्या ह्यांनी पुरुषमंडळी जमवून काटेरी तारेने बंद केला.

या सगळ्याचा अर्थ काय लावायचा, मला खरंच माहीत नाही. योगायोग म्हणा, माझी घाबरगुंडी म्हणा, हरकत नाही. मीही खूपदा तेच म्हणून बघितलं. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मनूला मांडीवर घेऊन रस भरवत होते, तेव्हा मी तिला विचारलं होतं, "एकटी बसली होतीस गं तिथे, भीती नाही वाटली?"

ती वाटीतच बघत म्हणाली, "मी अंडी सांभाळत होते. त्यांची आई तुला आणायला गेली होती."