आप्पांच्या गोष्टीतली घंटा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही—आणि तिला तर मी लग्नाच्या पंगतीत जिलब्या खिशात घातल्या तेही सांगतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. त्यातली सगळ्यांची लाडकी गोष्ट आप्पांची. आमचे वडील नारायणगडावर, देवापुढं बसल्या बसल्या गेले. पहिल्या वर्षी गोष्टीत ते नुसते बसले होते. पुढं मी त्यांचे हात जोडले. मग चेहऱ्यावर हसू आणलं. शेवटी त्यांचा प्राण जाताना देवळातली घंटाही आपोआप वाजवली—अडवणार कोण?

गेल्या साली आक्काला धाप लागायला लागली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनंच मला वाढवलं. पाय सुजले, आडवं होता येईना. बीडचे डॉक्टर म्हणाले, हृदय अशक्त झालंय, पण कशानं ते कळत नाही. छातीत दुखतं? नाही. साखर? नाही. घरात कुणाला हृदयाचा त्रास? कुणी अचानक गेलं?

आक्कानं कौतुकानं माझ्याकडं बघितलं. "बाळ्या, आप्पांचं तू सांग. तुला लई चांगलं सांगता येतंय."

सांगितलं. घंटेसकट. "त्याआधी काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच न्हाई. उपास होता, ऊन होतं."

होता हो त्रास! त्या सकाळी आप्पा घामानं निथळत होते. मला एकट्यालाच म्हणाले, "बाळ्या, छातीवर पोतं ठेवल्यागत व्हतंय." आणि मी—नवी मोटारसायकल गडावरच्या जत्रेत मिरवायची होती ना—म्हणालो, "पित्त हाय, आप्पा. सोडा प्या अन् बसा मागं." ते बसले.

डॉक्टर म्हणाले, मग अँजिओग्राफीची घाई नको, आधी गोळ्यांवर बघू. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून तरी मागं फिरता आलं असतं. पण आक्का माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरत होती—तो हात खांद्यावर असताना कसं बोलणार होतो?

काही महिन्यांनी तिला झटका आला. तेव्हा रक्तवाहिन्या तुंबलेल्या दिसल्या. स्टेंट बसले. हृदयाचा जो भाग मेला, तो मेलाच.

आता ती अंगणातून ओट्यापर्यंत येतानाही मधे थांबते. परवा टेकली, दम खाल्ला, म्हणाली, "बाळ्या, आप्पांची सांग की."

तिच्या पाठीशी उशी लावली. गोष्ट सांगितली. घंटा तेवढी गाळली—माझी हिंमत एवढीच.

"अन् घंटा रं?" आक्का म्हणाली.

वाजवली.