शेवटच्या घराचं मीटर

गावाला पाणी सोडणारा हा माणूस मिनिटांच्या बाबतीत पक्का चिक्कू. खालच्या आळीला चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस. कुणी डोक्याला साबण लावून बसलेलं असलं, तरी व्हॉल्व्हची चावी फिरायचीच. बायका बोटं मोडायच्या, हा कानाडोळा करायचा.

वरच्या आळीला मात्र तो सात मिनिटं जास्त द्यायचा. आळीच्या टोकाला, चढावर, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं. तेवढी मिनिटं दिली नाहीत, तर तिच्या नळाला नुसती हवा यायची.

ताई त्याच्याशी अकरा वर्षं बोलत नव्हती. चूक त्याचीच होती. आई गेली त्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं, आईचं काही खरं नाही, लेकीला बोलावून घ्या. "मी सांगतो ताईला," असं बायकोला म्हणून तो निघाला, आणि वाटेतच मोठा पाइप फुटल्याची वर्दी आली. एवढा पाइप जोडू, मग जाऊ, असं म्हणत तो दिवसभर कमरेएवढ्या चिखलात राहिला. संध्याकाळी गावाला पाणी मिळालं. ताई पोचली तेव्हा आई गेलेली होती.

गेल्या वर्षी घरोघर मीटर बसले. वर्ष झालं तरी ताईच्या मीटरवर शून्यच. न फिरणारं मीटर बिघडलेलं, बदलून टाका, असा कार्यालयाचा नियम. त्याला आयतंच निमित्त मिळालं. वरच्या आळीचं पाणी सोडून, नवं मीटर काखेत मारून तो चढ चढला. मनातून हरखला होता बिचारा.

दाराला कडी होती. अंगणातल्या नळाची तोटी गंजून घट्ट बसलेली. पान्याने जोर लावून फिरवली, तसं लालसर पाणी भसकन आलं आणि मीटरचा काटा गरागरा फिरू लागला. मीटरला काही एक झालेलं नव्हतं.

"तुमच्या ताई कुठला नळ उघडतायत!" शेजारीण म्हणाली. "शाळेमागच्या हातपंपावरून आणतात. अकरा वर्षं झाली."

तेवढ्यात ताई आलीच. साठी उलटलेली, एका हाताने गुडघा धरलेला, कमरेवर भरलेली कळशी. तो पुढे झाला, तशी तिने कळशी दुसऱ्या बाजूला घेतली.

"ताई, अगं नळाला येतं की पाणी. मी मुद्दाम जास्त वेळ सोडतो. तुझ्यासाठी."

"ठाऊक आहे मला." अकरा वर्षांनी ती पहिल्यांदा बोलली. "या पाण्यापायी आई मला न भेटता गेली. ते माझ्या घशाखाली कसं उतरेल रे?"

ताईने कडी काढली, आत पाऊल टाकलं आणि मागे न बघता म्हणाली, "नळ बंद कर. वाया जातंय."

पंचावन्न वर्षांचा तो माणूस तिथेच उकिडवा बसून लहान पोरासारखा रडला. तोटी बंद करायलाही त्याला बराच वेळ लागला.