मांडवातला किल्ट आणि माझा पट्टा

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी माणसाला गुरुजी हवे असले की आमच्याकडे फोन वाजायचा. मी गुरुजी नव्हेच. मी पंपांची डिझाइनं करणारा इंजिनिअर. पण मुंज झाल्यावर काकांनी मारूनमुटकून चार सूक्तं पाठ करून घेतली होती आणि पुण्याहून मागवलेली एक पोथी घरात होती. तेवढ्या भांडवलावर मी सत्यनारायण, बारशी, वास्तुशांती सगळं उरकायचो. खरं सांगतो, आवडायचं मला ते. ऑफिसात माझं नावसुद्धा कोणाला धड घेता येत नव्हतं आणि शनिवारी मोठेमोठे डॉक्टर माझ्या पाया पडायचे. चढत होती जरा.

सोवळं नेसणं मात्र मला कधीच जमलं नाही. एका वास्तुशांतीत माझ्या निऱ्या सुटल्या आणि बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून मी सोवळ्यावरून सरळ ऑफिसचा पट्टा आवळायचो आणि वर उपरणं गुंडाळायचो. बायको म्हणायची, "शोभतं का हो हे?" मी म्हणायचो, "आणि सुटलं तर शोभेल?" पुढेपुढे तीही बोलेनाशी झाली आणि माझ्याही ते लक्षात राहीनासं झालं.

अशात आमच्या एका जवळच्या मित्राच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा अमेरिकन. त्याचे वडील चर्चमध्ये पाद्री, घराणं मूळचं स्कॉटलंडचं. एका संध्याकाळी मित्र तणतणत घरी आला.

"अरे यार, व्याही किल्ट घालून येणार म्हणतोय! गुडघ्यापर्यंत चौकड्यांचा परकर आणि वर पाद्र्याची पांढरी कॉलर! इंडियाहून माझी आई येणार, दादा येणार. मी तोंड कुठे लपवू?"

"मग सूट घाला म्हणून सांग की त्यांना."

"मी कसा सांगू? पोरीने आधीच दम दिलाय, त्यांना काही बोललात तर कोर्टात जाऊन सह्या करू म्हणून. तू सांग. तू गुरुजी आहेस. शास्त्रात बसत नाही म्हणून टाक, मिटलं."

सांगतो, असा मी त्याला शब्द दिला. पण मी काही सांगायच्या आत त्या व्याह्यांचाच मला फोन आला. सुरुवातच 'रेव्हरंड' अशी. मला! मी खुर्चीत सावरून बसलो.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "आमच्यात समारंभाला पाद्र्याने किल्ट घातला तर बो-टाय लावत नाहीत. गळ्याशी कॉलर, काळा बंद वेस्टकोट आणि वर काळं जॅकेट. पण तुमच्या मांडवात मी मुलाचा बाप म्हणून बसणार. तिथे कॉलर लावू का नको? तुम्ही सांगाल तसं करीन. किल्ट तेवढा घालू द्या. माझ्या वडिलांचा आहे. माझ्या लग्नात तो त्यांनी घातला होता. ते गेल्यापासून मी तो पेटीत जपून ठेवलाय, तो या दिवसासाठी."

यावर नाही म्हणायला जीभ रेटेना. आणि मित्राला शब्द दिलेला. मी उगाच विचारलं, किल्टबरोबर आणखी काय काय असतं? त्यांनी भाबडेपणाने सांगितलं. कमरेला रुंद चामड्याचा पट्टा, पुढे लोंबणारी चामड्याची थैली, पायात बूट.

मला पळवाट सापडली. "चामडं चालणार नाही," मी अगदी खर्जातल्या आवाजात म्हणालो. "अग्नीसमोर चामडं निषिद्ध."

मला वाटलं, पट्टा नाही, थैली नाही, मग किल्टचं काय राहिलं? येईल मुकाट्याने सुटात. पलीकडे कागदावर पेन खरखरलं. मग ते म्हणाले, "बरं झालं विचारलं ते. थँक यू, रेव्हरंड. आणि कॉलर?"

"कॉलर चालेल," मी उदारपणे म्हणालो.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "हे कुठल्या पोथीत लिहिलंय?"

"पोथी कोण उघडून बघणार आहे?"

लग्न एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. व्याही आले ते किल्ट घालूनच. कडक इस्त्रीच्या चुण्या, काळ्या जॅकेटला चांदीची बटणं, गळ्याशी पांढरी कॉलर. लोकरीचे मोजे, बूट दाराशीच काढलेले. कोणी हसलं नाही. मित्राची आई तर माझ्या कानाशी म्हणाली, "चुण्या बघा हो कशा बसल्यात! तुमच्या सोवळ्यापेक्षा बऱ्या."

ते सरळ माझ्याकडे आले. कमरेला चामड्याऐवजी काळ्या कापडाची पट्टी होती. पुढची थैलीही कापडाची, एका बाजूला जराशी तिरकी. परीक्षेच्या हॉलबाहेर मुलं उभी असतात तसे ते माझ्यासमोर उभे राहिले.

"बायकोने शिवली. कुठेही चामडं नाही," ते म्हणाले. "चालेल ना?"

मी मान डोलावली. चालेल म्हणे! काय तो माझा रुबाब!

होम सुरू झाला. ते माझ्यापासून हातभर अंतरावर, मुलामागे पाटावर बसले होते. गुडघे झाकायला किल्ट पुन्हा पुन्हा सारखा करत होते, कारण ती कापडी थैली हलकी, तिच्या वजनाने तो दबून राहीना. तुपाची वाटी घ्यायला मी पुढे वाकलो आणि माझं उपरणं सुटून खाली पडलं.

ऑफिसचा पट्टा. तपकिरी, चामड्याचा, पुढे भलंमोठं पितळी बकल. होमाच्या उजेडात लखलखत होतं मेलं.

त्यांनी बकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस आता उठेल, चार लोकांत विचारेल आणि विचारायलाच हवं, असंही मला वाटलं. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

त्यांनी हात लांब करून उपरणं उचललं, माझ्या कमरेभोवती गुंडाळलं आणि टोक नीट खोचून दिलं. मित्र पाहुण्यांच्या सरबराईत गुंतला होता. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

"माझा गाडीत ठेवलाय," ते हळूच म्हणाले. ना हसले, ना रागावले.

पुढचे मंत्र मी कसे म्हटले, मला माहीत नाही. दोनदा ओळ चुकलो, एक पान तर गाळलंच. सप्तपदी झाली. लोक म्हणाले, गुरुजींचा कंठ दाटून आला. शरमेने कानशिलं तापली होती माझी, आणि यांना गहिवर दिसत होता!

मग नमस्कार. आधी नवरानवरी वाकली, मग मित्र. आणि त्याच्या मागे व्याही. मुलाने त्यांना शिकवून आणलं होतं, शेवटी गुरुजींच्या पाया पडायचं.

"नो, नो, प्लीज," मी मागे सरत म्हणालो. पाठीमागे मांडवाचा खांब होता. लोकांना वाटलं गुरुजींचा विनय. टाळ्या पडल्या, कॅमेरे पुढे आले. एका हाताने ती तिरकी थैली पोटाशी धरून ते खाली वाकले आणि त्यांनी माझ्या पावलांना हात लावला.

आशीर्वाद द्यावाच लागला. त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवायला मी वाकलो, तेव्हा बकल माझ्या पोटात रुतलं.