गिरणीतली शंका

शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. शिक्षकांच्या खोलीला आतून कडी लावून कोळेकर बाई एकट्याच बसल्यात. डब्यातले पोहे संपलेत, डोक्यावर पंखा घरघरतोय, आणि दहाच मिनिटं म्हणून बाईंनी मान हातावर टेकलीय. कोपराखाली दोन कागद. एक तेजल गुंजकरची इंग्रजीची उत्तरपत्रिका. दुसरा बाईंनी स्वतः लिहिलेला अहवाल: 'सदर विद्यार्थिनीने कॉपी केली आहे.' चार वाजता तो मुख्याध्यापकांच्या हातात पडला की जिल्ह्याच्या निवासी शाळेच्या यादीतून तेजलचं नाव कटलंच म्हणून समजा.

बाईंचा संशय काही ऐरागैरा नाही. देवळातला प्रसादसुद्धा त्या आधी हुंगून बघतात. आणि इथं तर वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली गिरणीवाल्याची पोर. घरात शिकवणी नाही, आईबाप चौथीच्या पुढं गेलेले नाहीत, आणि पन्नासपैकी सेहेचाळीस? शिवाय काही शब्दांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके. म्हणजे कुणाला तरी खाणाखुणा चाललेल्या, दुसरं काय?

पंख्याची घरघर जाड होत जाते.

"शैले, डोळे मिटून पेपर तपासतीस व्हय?"

समोरच्या खुर्चीत डोईफोडे मास्तर. बाईंना आठवीत इंग्रजी शिकवलेले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या तेराव्याला बाईंनी पंगतीत बुंदी वाढली होती, तेच. टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या.

दुसरं कुणी किंचाळलं असतं. बाई दाराकडं बघतात.

"सर, कडी आतून आहे. आलात कुठून?"

"मेल्यावर पण हजेरी घेतीस का गं?"

"तेजलच्या बापानं पाठवलंय तुम्हाला."

"त्याला माझा हल्लीचा पत्ता कुठला माहीत?"

मास्तर उठतात, बाई मागोमाग. दोन पावलांवर गिरणी आहे. ती कायम तिथंच असावी तशी. पट्टा फटफटतोय, हवेत पीठ तरंगतंय, मोटारीच्या वर शाळेचा फळा टांगलाय. त्याच्यासमोर बाकांवर दळणाचे डबे ओळीनं बसलेत, झाकणं नीट लावून.

"रिटायर झाल्यावर दर चौथ्या दिवशी दळण आणायचो," मास्तर कानाशी ओरडतात. "नंबर यायला तासभर. ही पोरगी पिठाच्या तोंडाशी बसलेली. म्हटलं, चल, बोल इंग्रजी. मी ओरडायचो, तीही ओरडायची."

"या गोंगाटात? काय ऐकू येणार?"

"तेच तर. चूक कुणाला ऐकूच येत नाही. मग हसणार कोण, डबे?"

बाई फळ्याशी उभ्या आहेत. कधी गेल्या कळलं नाही. त्यांच्या वर्गाची रीतच आहे: चुकेल त्यानं फळ्याशी उभं राहायचं, पुढचा चुकेपर्यंत, आणि बाकीच्यांनी पोटभर हसायचं. हसले की लक्षात राहतं, असं बाईंचं म्हणणं. आता पट्टा थांबलाय. शांतता. मास्तर काहीतरी सोपं विचारतात, अगदी पाचवीतलं. बाईंना उत्तर येतंय, पण जीभ टाळूला चिकटलीय. पहिल्या बाकावरचं एक झाकण खुळखुळतं. मग दुसरं. मग सगळी.

"बसू का सर?" बाईंचा आवाज तेरा वर्षांचा झालाय.

त्या बाकावर बसतात. वेणीला लाल रिबीन, पुढ्यात आठवीची वही. वहीत शब्दांखाली बारीक ठिपके.

"हे तुझेच," मास्तर म्हणतात. "खात्री नसेल त्या शब्दाखाली ठिपका द्यायचा आणि पुढं लिहीत राहायचं, थांबायचं नाही. कुणी शिकवलं होतं?"

"तुम्ही."

"कॉपी करणाऱ्याला शंका कुठली? तो दुसऱ्याचं उतरवतो, बिनघोर."

"तुम्ही तिच्या बाजूनं बोलणारच."

"मग माझं ऐकू नकोस. तपास. आणि तू ठिपके द्यायचं कधी सोडलंस?"

बाई रिबिनीशी चाळा करतात. "बाई झाल्यावर."

 मास्तर हात लांब करून वहीवर बोट टेकवतात. पण आता ती वही नाहीच, अहवाल आहे.

पंखा थांबतो. वीज गेलीय. घामानं बाईंना जाग येते. दाराला कडी तशीच. आणि अहवालात 'कॉपी' या शब्दाखाली बोटाएवढा पांढरा डाग.

खडू असेल, असं तुम्ही म्हणाल. बाईही तेच म्हणतात. पण सव्वीस वर्षं खडूची भुकटी गिळलेलं माणूस चवीला फसत नाही. बाई बोट जिभेला लावतात. किंचित रवाळ, गोडसर. ज्वारी. डब्यात तर आज पोहे होते; बाई उघडून पुन्हा खात्री करतात.

मग तेजलचा पेपर समोर ओढतात. ठिपके मोजतात: अकरा. चुका मोजतात: चार. चारही चुका ठिपक्यांवरच. जिथं येत नव्हतं, नेमकं तिथं येत नाही हे पोरीला ठाऊक होतं.

चारला मुख्याध्यापकांकडं फक्त यादी जाते, तेजलच्या नावासकट. अहवाल मागं राहतो. बाई सगळे खण उपसून पेन्सिलीचं एक थोटूक शोधतात, आणि 'कॉपी'खाली, त्या पिठात, एक ठिपका देतात.