राजाला केलेला अर्ज

आखातात ड्रायव्हर असलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या गाडीखाली माणूस गेला आणि भाऊ तिथल्या तुरुंगात पडला. तिथे राजा म्हणेल तोच कायदा. ईदला तो काही कैद्यांना माफी देतो.

"मग बरं हाय, एकालाच सांगायचं," आई म्हणाली. महाडच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून तिने मराठीतच अर्ज लिहून आणला: 'मेहेरबान राजेसाहेब यांसी'. खाली अंगठा.

"राजाला मराठी येतं का?" मी खेकसलो, पण पोस्टात टाकला.

चार ईद गेल्या. माफीच्या यादीत भाऊ नाही.

परवा आईने विचारलं, "राजाला नाय म्हणायचं कारण द्यावं लागतं काय रे?"

मी नागरिकशास्त्र शिकवतो. राजेशाहीच्या धड्यावर हाच प्रश्न दरवर्षी परीक्षेत घालतो. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. मी कोरा कागद घेतला आणि मराठीतच लिहिलं: 'मेहेरबान राजेसाहेब यांसी'.