पावण्यांविरुद्ध आंदोलन

देवळाजवळच्या आमच्या गल्लीत शनिवार-रविवारी स्वतःच्या दारात उभं राहायलासुद्धा जागा मिळत नाही. जोडून सुट्टी आली की पुण्या-मुंबईच्या गाड्या घुसतात. घरमालकांनी एकेक करून भाडेकरू काढले आणि होमस्टे थाटले. समोरच्या इमारतीत शेवटचे उरले तळमजल्यावरचे शिंपीचाचा. पुढे मशीन, मागे संसार. मालकाचा डोळा त्या खोलीवर होता आणि त्या विचारानंच माझं डोकं फिरायचं. माझ्या लग्नाचा सदरा चाचांनीच शिवलेला.

माझी मुलगी युरोपात असते. तिथल्या रहिवाशांनी ‘पर्यटकांनो, परत जा’ असे फलक धरलेले फोटो तिनं पाठवले. मी ते गल्लीच्या ग्रुपवर टाकले आणि गल्ली पेटली. युरोपवाले करतात, मग आम्ही काय मेलोय? शनिवारी सकाळी फलक घेऊन आम्ही कोपऱ्यावर उभे राहिलो. सगळ्यांत पुढे चाचा.

पहिली गाडी थांबली, दार उघडलं आणि एक पोर भडाभडा ओकलं. चाचांनी आपला फलक माझ्या हातात कोंबला.

“अवो पावणं, लेकराला सावलीत आणा की! लिंबू हाय घरात.”

पोराला सरबत, आजीला खुर्ची, बाकीच्यांना चहा. दुसऱ्या गाडीनं रस्ता विचारला, तर आमचा घोषणा देणारा गडी “तुम्हास्नी घावायचं न्हाय” म्हणत दुचाकीवरून त्यांना पार देवळापर्यंत सोडून आला. दुपारी निम्म्या आंदोलकांच्या घरी पाहुणे रस्सा ओरपत होते. निघताना त्यांनी आमच्या फलकांसोबत सेल्फी काढले. एवढं जंगी आंदोलन युरोपला काही जमलं नसतं.

आठवड्याभरात समोरच्या होमस्टेच्या ऑनलाइन पानावर कौतुकाचा पाऊस पडला. गल्ली फार प्रेमळ आहे, शिंपीचाचांचा चहा चुकवू नका. बुकिंग इतकं वाढलं की मालकाला आणखी एक खोली लागली. चाचांचीच.

चाचा कागलला पुतण्याकडे निघाले. आम्ही टेम्पोत मशीन चढवत होतो. मला रडू येत होतं आणि रागही. तेवढ्यात मालक आला.

“चाचा, शनिवार-रविवार येत जावा की. नुसतं दारात बसायचं, पावण्यास्नी च्या द्यायचा. गाडीभाडं मी देतो. लोकं तुम्हास्नीच विचारत्यात.”

चाचांनी मशीनला दोरी आवळली.

“येतो की. पर कुणाच्या दारात बसू?”

“तुमच्याच की, चाचा,” मालक म्हणाला.