माहेरच्या नावाची सही

मामानं आईची खोटी सही केली, हे मला मोबाइलवर कळलं. साताऱ्याजवळच्या आमच्या आजोळच्या रानाला आजोबांच्या मागं मामाचं आणि आईचं, दोघांचं नाव लागलं होतं. सहज सातबारा उघडून बघितला, तर आईचं नाव गायब. मी वकील, त्यात स्वभावानं तापट. दुसऱ्याच दिवशी सांगलीहून साताऱ्याला जाऊन वाटपाच्या अर्जाची नक्कल काढली.

सगळं रान भावाला द्यायला माझी संमती आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली आईची सही, तीही लग्नाआधीच्या नावाची. लग्नात ताटातल्या तांदळात सासरचं नाव लिहिलं, तेव्हापासून आई त्या नव्या नावानंच सही करते. मामाला मात्र जुनंच नाव सुचलं. सातबाऱ्यावरही तेच राहिलेलं, त्यामुळे कचेरीत ते खपून गेलं.

घरी येऊन नक्कल आईपुढं टाकली. ती बराच वेळ त्या सहीवरून बोट फिरवत राहिली.

"ह्या नावानं आता मला कोन हाक मारतंय?" म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याला तेव्हा कायदाच सुचत होता.

"खोटी सही म्हंजी गुन्हाच का रं?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"नुसती सही नाही. कुणाचं नुकसान करायला, नाहीतर फसवून काही मिळवायला खोटा कागद केला, तर तो बनावट दस्त. तुझी परवानगी असती, तर गोष्ट वेगळी."

"मग माझी परवानगी हुती म्हनून सांगते."

"होती का?"

तिनं नकलेची घडी घातली आणि म्हणाली, "मला त्याच्याकडं घिऊन चल."

मामा फौजेतून रिटायर झालेला. आम्हाला बघून अंगणात ताठ उभा राहिला, पण मान काही वर करेना. आईनं पाणीही घेतलं नाही.

"मागितलं आसतंस तर मी न्हाई म्हनले आसते व्हय?"

"तू न्हाई म्हनली नसतीस, आक्का. पर तुझा ल्योक वकील. त्यानं तुला दिऊ दिलं आसतं का?"

मामाचं खरं होतं. नसतंच दिलं.

आमच्याकडं बहिणी रानावरचा हक्क सोडतात, साडीचोळी घेतात आणि माहेर राखतात. मला ही रीत कधीच पटली नाही. आई मात्र स्वतःच्या हातानं सही करायची वाट बघत होती, हे मला त्या अंगणात समजलं.

"मी राजीखुशीनं दिलं आसतं," ती मामाला म्हणाली. "तू मला दिऊच दिलं न्हाईस."

तक्रार तिनं केली नाही, मलाही करू दिली नाही. परत येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. मला वाटलं, चार महिन्यांत निवळेल.

भाऊबीजेला मामा आला नाही, आईही गेली नाही. दिवस मावळल्यावर ती निरांजनाचं ताट घेऊन गच्चीवर निघाली, म्हणून मी मागं गेलो. भाऊ नसलेल्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. समोरच्या घरांवर बीजेची बारीक कोर दिसत होती. मामा तिकडं साताऱ्यात चांगला धडधाकट होता, आणि आईनं चंद्राला ओवाळलं.